हॉलच्या भिंतीतला तिरका पाइप

सहदेव राऊळ पाइप वाकवायचा तो गुडघ्यावर. प्लास्टिकच्या पाइपात पोलादी स्प्रिंग सरकवायची, जिथे वळण हवं तिथे स्प्रिंगचा मध्य आणायचा, पाइप गुडघ्याला टेकवायचा आणि दोन्ही हातांनी हळूहळू जवळ ओढायचा. घाई केली की पाइप चपटा होतो आणि एकदा चपटा झाला की त्यातून वायर जात नाही. काटकोन हवा असेल तर काटकोनापेक्षा जरा जास्तच वाकवायचा, कारण हात सोडला की पाइप थोडा मागे येतोच. हे सगळं त्याने मला आपणहून सांगितलं, मी विचारलेलं नसताना. मी विमा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला माणूस, मला त्या पाइपाशी काय देणंघेणं? पण सहदेवला काम करताना कोणीतरी ऐकायला लागायचं, आणि मुलुंड पूर्वेला आमची नवी बिल्डिंग उठत होती तेव्हा रोज छत्री घेऊन तिथे हजेरी लावणारा रिकामटेकडा मीच होतो.

त्याच्याबद्दल आज लिहायला बसलोय ते प्रेमाने नव्हे. मी त्याचं वाटोळं केलंय.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. जुनी चाळवजा बिल्डिंग पाडून पाच मजली नवी होत होती आणि सभासदांच्या वतीने कामावर लक्ष ठेवायला कमिटीने मला नेमलं होतं. वायरिंगचं काम सहदेवकडे. कुडाळजवळच्या एका वाडीतला माणूस. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली तसे ते गावी गेले, आणि हा सोळाव्या वर्षी कांजूरमार्गला मामाकडे आला. मामा वायरमन. मामाने पहिली तीन वर्षं त्याला फक्त छिन्नी-हातोडा दिला. भिंतीत पाइप बसवायला जी खोबण खोदतात तिला झिरी म्हणतात. तीन वर्षं सहदेवने झिऱ्या मारल्या, सिमेंट खाल्लं आणि खोकला. चौथ्या वर्षी मामाने हातात स्प्रिंग दिली. तो दिवस त्याला तारखेनिशी आठवायचा.

वायर ओढायला त्याच्याबरोबर बाहेरचा माणूस नसायचा. त्याची बायको चंपा असायची. एका टोकाला चंपा, दुसऱ्या टोकाला हा. आधी पाइपातून पोलादी पट्टी सरकवायची, तिच्या तोंडाला सगळ्या वायरी एकदम बांधायच्या, गाठीवर टेप गुंडाळायची, वर टॅल्कम पावडर फासायची. मग चंपा तिकडून वायरी आत सोडणार आणि हा इकडून ओढणार. मधे भिंत, त्यामुळे एकमेकांना दिसायचे नाहीत. सहदेव नुसता ओरडायचा, "सोड... रव... सोड." रव म्हणजे थांब. हिसका कधी नाही. वायर अडली की दोघंही हात थांबवायची. "अडल्यावर ओढतो तो वायरमन नाही, बैल," असं तो म्हणायचा. आत वायरीचं साल सोलतं, बाहेर कळत नाही, आणि कळतं तेव्हा कुणाचा तरी जीव गेलेला असतो.

त्याचे नियम मोजके होते आणि तो ते पहाडी आवाजात सांगायचा. दोन डब्यांच्या मधे चार काटकोनांवर एकही वळण नाही. लागलंच तर मधे डबी बसवा. पाइप कधी गच्च भरू नका. पाइपाच्या आत जोड नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे भिंतीतला पाइप एकतर उभा जाईल, नाहीतर आडवा. तिरका कधीच नाही. "कारण काय साहेब, घरातल्या माणसाने बटणाकडे बघितलं की त्याला कळायला पाहिजे वायर कुठून आली असेल. सरळ वर, नाहीतर सरळ बाजूला. तेवढी जागा सोडून तो खिळा मारेल. तिरका पाइप म्हणजे माणसाला फसवणं."

हा नियम त्याने आमच्याच बिल्डिंगमध्ये मोडला. एका रांगेत, पाच घरांत.

पहिल्या मजल्यावरच्या १०२ पासून पाचव्यावरच्या ५०२ पर्यंत एकावर एक पाच घरं आहेत, त्यातलं ३०२ माझं. या घरांच्या हॉलमध्ये एकच मोकळी भिंत. स्लॅबमधून पाइप उतरतो त्या भिंतीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, आणि फ्रिजचा पॉइंट खाली उजवीकडे, जमिनीपासून तीन फुटांवर. नियमाने गेलं तर पाच वळणं होत होती. १०२ मध्ये वायर अडली. चंपा तिकडून सोडतेय, हा इकडून पट्टी धरून बसलाय, तासभर काही हलेना. सहदेव म्हणाला, भिंतीच्या मधे एक डबी बसवू, वर पांढरं झाकण येईल. त्यावर कोणीतरी म्हणालं, "छे, एवढ्या मोकळ्या भिंतीवर मधोमध डबी? शोभा जाईल सगळी." पुढे हेही म्हणालं, "आणि उद्या प्लास्टरवाले येतायत, आज संपलं पाहिजे. नाहीतर मी दुसरा वायरमन बघतो."

ते कोणीतरी म्हणजे मी. चौदा वर्षांत हे वाक्य मला एकदाही आठवलं नव्हतं.

सहदेवने झिरी तिरकी मारली. कोपऱ्यातून थेट पॉइंटपर्यंत. दोन वळणं वाचली आणि वायर लोण्यातून सुरी जावी तशी सुळकन आली. तो इतका खूश झाला की त्याने वरच्या चारही घरांत तेच केलं. "एका ओढीत साहेब, एका ओढीत!" संध्याकाळपर्यंत तो हेच सांगत होता. दुसऱ्या दिवशी प्लास्टर झालं, रंग लागला आणि पाच भिंतींच्या पोटात पाच तिरके पाइप गडप झाले. आमच्या भिंतीवर आम्ही चौदा वर्षं कॅलेंडर टांगलं. त्याचा खिळा पाइपापासून चार बोटांवर होता, हे मला मागाहून कळलं.

या ऑगस्टच्या सोळा तारखेला १०२ मधल्या निलेशने टीव्ही लावायला त्या भिंतीला ड्रिल लावलं. निलेश तिशीचा, पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करणारा, अगदी शांत मुलगा. ड्रिलचं पातं जिवंत वायरीत घुसलं. जुनं लोखंडी बॉडीचं ड्रिल, आणि धक्का बसल्यावर लाइट तोडणारा जो स्विच घरात असतो तो त्याने काढून टाकलेला, कारण पावसाळ्यात तो सारखा पडायचा. अर्ध्या बिल्डिंगने तो काढलाय. मीही काढलाय. निलेश भिंतीपासून पाच फूट मागे फेकला गेला. जगला. उजव्या हाताची तीन बोटं भाजून बधिर झाली, आणि रक्त काढणाऱ्याला नेमकी तीच बोटं लागतात.

मी सेक्रेटरी, म्हणून लाइट दुरुस्त करायला मीच सहदेवला बोलावलं. त्याचा नंबर मीटर रूमच्या भिंतीवर अजून लिहिलेला होता. साठीला आलेला सहदेव खाकी पिशवी घेऊन आला, त्या भोकाकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे, मग खालच्या पॉइंटकडे. त्याचा चेहरा पांढरा पडला. मी विचारलं, "काय रे, काय झालं?" तो म्हणाला, "काय नाय." त्याने लाइन तोडून सुरक्षित केली आणि चहाही न घेता निघून गेला.

एकोणीस तारखेला सकाळी तो सोसायटीच्या ऑफिसमध्ये आला. बरोबर चंपा. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

"साहेब, तो पाइप मी तिरका टाकलाय," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "पाचही घरांत. निलेशचा हात माझ्यामुळे गेला."

चंपा म्हणाली, "तीन दिस झाले, अन्नाक हात नाय लावूक ह्येंनी. रात्री उठान भिंतीर हात फिरवीत बसतत. साहेबानू, तुमी कायतरी करा."

सहदेवने वहीचं पान पुढे केलं. वर तारीख, खाली माझ्या नावाने चार ओळी आणि त्याखाली भिंतीचं चित्र. वरचा डावा कोपरा, खालचा पॉइंट, आणि दोघांना जोडणारी एक तिरकी रेघ, मापांसकट. "आठ दिवसांवर गणपती आलेत साहेब," तो म्हणाला. "सगळ्यांची मखरं ह्याच भिंतीला लागणार. दुसरी भिंतच नाय हॉलमध्ये. खिळे ठोकतील लोक. तुम्ही आज नोटीस लावा. मी घराघरात जाऊन लाल रेघ मारतो. नंतर पोलिसांत मी स्वतः जाईन, पण आधी रेघ."

तो डबीबद्दल एक अक्षर बोलला नाही. माझ्याकडे बोट दाखवलं नाही. त्याला आठवत नव्हतं की तो मुद्दाम बोलत नव्हता, देव जाणे. पण मला मात्र त्याच क्षणी सगळं आठवलं. ती छत्री, ती भिंत, माझं ते "शोभा जाईल". पोलिसांना मी आधीच सांगून बसलो होतो की ड्रिल जुनं होतं. आता नोटीस लावायची म्हणजे चौकशी होणार, कामावर लक्ष कोणाचं होतं हे निघणार, निलेशचे वडील माझ्या दारात येऊन उभे राहणार.

मी आवाज चढवला. "तू काय आता सगळ्या बिल्डिंगची वाट लावणार आहेस का? गणपतीनंतर मीटिंग घेतो. तोपर्यंत तोंड बंद ठेव."

"गणपतीनंतर काय उपयोग साहेब?"

"मी बघतो म्हटलं ना!"

तो गेला. चिठ्ठी मी घरी आणली आणि हॉलमधल्या खणात, पोथ्यांच्या आणि आरतीच्या पुस्तकांच्या खाली सारून दिली. फाडून का नाही टाकली? मी जन्मभर कागद सांभाळणारा कारकून. कागद फाडायला माझा हात होत नाही. आणि आमच्या वॉचमनला, रतनला, सांगितलं की सहदेवला आत सोडायचं नाही.

पुढचे सात दिवस सहदेव रोज कांजूरमार्गहून येऊन आमच्या गेटबाहेर उभा राहिला. पावसात, हातात लाल तेलखडू घेऊन. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायचा. "ताई, तुम्ही कितव्या मजल्यावर? ०२ मध्ये का?" लोक अंग चोरून पुढे जायचे. कोणाला वाटलं काम मागतोय, कोणाला वाटलं भुरटा आहे. २०२ चं कुटुंब गणपतीला गावी गेलं होतं, त्यांना त्याने फोन करून सांगितलं. ४०२ च्या रुक्मिणीबाई सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, त्याला चांगल्या ओळखायच्या. त्या रतनवर डाफरल्या आणि त्याला हाताला धरून वर घेऊन गेल्या. ५०२ वाल्यांना त्यांनीच समजावलं. दोन्ही घरांत कोपऱ्यापासून पॉइंटपर्यंत लाल रेघ उमटली. ५०२ वाले रंग खराब केला म्हणून माझ्याकडे भांडायला आले. मी म्हटलं, "त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, लक्ष देऊ नका."

माझी बायको लता म्हणाली, "अहो, तो सहदेव म्हणे लोकांच्या भिंती रंगवत फिरतोय. काय भानगड आहे?" सांगायची वेळ होती ती. लताला सांगणं म्हणजे अख्ख्या मुलुंडला सांगणं, असा मी विचार केला. म्हटलं मला माहीत आहे ना, मग झालं. आपल्या घरातले खिळे मीच मारीन, बाजूला मारीन. मी असताना कोण हात लावतंय? एवढा साधा, एवढा मूर्ख हिशेब.

पंचवीस तारखेला सहदेवने मला गेटवर गाठलं. त्याचा आवाज बसला होता. "साहेब, आता एकच भिंत राहिली. तुमची. वहिनींना सांगितलंत ना? पोरीला, श्रुतिकाला, सांगितलंत ना?"

"हो रे बाबा, सांगितलं," मी म्हटलं.

"मग मी सुटलो," तो म्हणाला आणि खरोखरच त्याने सुटकेचा श्वास टाकला. माझ्यावर विश्वास ठेवला त्याने. मला त्या वेळी लाज वाटली की नाही हे प्रामाणिकपणे सांगायचं तर, वाटली नाही. कटकट गेली असं वाटलं.

तरीही दुसऱ्या दिवशी, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, तो आलाच. त्याला घरी राहवत नसावं. सकाळी अकराला मी खाली ऑफिसमध्ये होतो. मखरांचा टेम्पो गेटमध्ये आडवा लागला होता आणि त्यावरून दोन घरांत जुंपली होती. सहदेव रतनच्या स्टुलाशेजारी उभा होता. मागाहून रतनने मला सांगितलं ते असं. वरून ठक ठक आवाज यायला लागला. सहदेवने मान वर केली. "तिसऱ्यावर कोण ठोकतंय?" त्याने विचारलं. रतन म्हणाला, "साळवी साहेबांकडे मखर आलंय. पोरगी सकाळपासून कामाला लागलीये." "साहेब खय असत?" "हे काय, ऑफिसात." सहदेव खालून दोनदा ओरडला, "ओ वहिनी! ठोकू नका!" टेम्पोच्या गोंधळात वर काही पोचलं नाही. तीन मजले चढायचे तर ठक ठक तेवढा वेळ थांबणार नव्हती. मीटर रूम दहा पावलांवर होती.

त्याने धावत जाऊन विंगचा मोठा खटका खाली ओढला. अख्खी विंग बंद.

मी पोचलो तेव्हा तो खटक्याचा दांडा दोन्ही हातांनी धरून, पाठ भिंतीला लावून उभा होता. माझ्यामागे आठ-दहा माणसं जमली. कोणाचं पुरण मिक्सरमध्ये होतं, कोणाचं पाणी चढत होतं. आणि लिफ्टमधून धाडधाड आवाज येत होता, आत रुक्मिणीबाई अडकल्या होत्या. "दार उघडा रे! मला गुदमरतंय!"

"सहदेव, हात सोड!" मी ओरडलो.

"साहेब, आधी वर जा. तुमच्या घरात खिळा ठोकतायत. त्याच भिंतीला. एकदा फोन करा वर. एकदाच." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तुम्ही सांगितलं होतंत ना त्यांना? मग का ठोकतायत?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ५०२ वाले म्हणाले, "काय सांगितलं होतं, साळवी?"

त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं की मी सांगितलं नाही. तीन शब्द. माझी एकुलती एक मुलगी वर होती. आणि मी काय म्हणालो? "हो, सांगितलंय! घरात सगळ्यांना माहितीये! हा माणूस वेडा झालाय, ओढा त्याला!"

तिघांनी त्याला धरलं, पण त्याने दांडा सोडला नाही. आयुष्यभर वायर ओढलेले हात ते. मग मीच पुढे झालो. एक एक बोट उलगडायला लागलो. "साहेब, श्रुतिका आसा वर... साहेब, नको," तो पुटपुटत होता. दोन बोटं मी मागे ओढली आणि त्यातून बारीकसा आवाज आला. सहदेव खाली बसला. दांडा माझ्या हातात आला.

खिशातला फोन वाजला. कटकट म्हणून कापायला गेलो आणि बोटाने भलतंच बटण दाबलं. लताचा आवाज मोठ्याने बाहेर आला. "अहो, लाइट कधी येणार? श्रुतिका स्टुलावर उभी आहे, पावसाने अंधारलंय, खिळा दिसत नाहीये तिला. अर्धा आत गेलाय, पण काहीतरी मऊ लागतंय म्हणते. तार गुंडाळायची आहे, नुसत्या हाताने धरून बसलीये..."

माझा हात दांड्यावर होता. वर ढकलायला एक सेकंद लागला असता.

"खाली उतर म्हणावं," मी म्हटलं. "खिळ्याला हात लावू नको म्हणावं. उतर. उतर!"

मी वर कसा गेलो ते आठवत नाही. वीज मंडळाच्या माणसाने नंतर भिंत थोडी फोडली, तेव्हा दिसलं. खिळा पाइपातून आरपार गेला होता आणि जिवंत वायरीच्या तांब्यात रुतला होता. तो माणूस श्रुतिकाकडे बघून नुसता मान हलवत राहिला. आमच्या त्या भिंतीची लाइन तोडून त्याने विंग चालू केली, रुक्मिणीबाईंना लिफ्टमधून काढलं.

त्याआधीच कोणीतरी पोलिसांना फोन केला होता. ऑफिसमध्ये पंचनामा सुरू झाला. निलेशचे वडीलही आले. सहदेवने सगळं सांगितलं, काही न लपवता. पाइप मी टाकला, तिरका टाकला, चूक माझी. दोन सुजलेली बोटं त्याने दुसऱ्या हातात धरून ठेवली होती.

"तुला कधी कळलं हे?" हवालदाराने विचारलं.

"सोळा तारखेलाच."

"मग दहा दिवस गप्प बसलास?"

"नाय साहेब. एकोणीसला सेक्रेटरी साहेबांना चिठ्ठी दिली. चित्र काढून."

हवालदार माझ्याकडे वळला. निलेशचे वडील माझ्याकडे बघत होते. लता दारात उभी होती, श्रुतिका तिच्या मागे. माझ्या मुलीचा जीव त्या माणसाने नुकताच वाचवला होता, हे मला ठाऊक होतं. आणि मी म्हणालो, "अशी काही चिठ्ठी मला मिळालेली नाही."

सहदेवने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. वायर मधेच अडली की तो थांबून भिंतीकडे बघायचा, तसं. मग म्हणाला, "साहेब म्हणतात तर नसेल मिळाली." त्याने मान खाली घातली, आणि निलेशच्या वडिलांनी त्याच्या तोंडात मारली. त्या लाल रेघा वेड्याचे चाळे ठरल्या, आणि सगळं माहीत असून दडवणारा माणूस, असंच आता त्याच्या नावापुढे लागलं. संध्याकाळी चंपाचे सहा फोन आले. मी एकही घेतला नाही.

काल चतुर्थी झाली. मखर भिंतीपासून हातभर पुढे ओढून मांडलं, त्याच्या मागे तो खिळा अजून तसाच आहे. फ्रिज स्वयंपाकघरातून वायर टाकून चालवलाय. दुपारी पाहुणे जमले, निरांजन लागलं. लता म्हणाली, "श्रुतिका, आरतीचं पुस्तक काढ गं खणातून."

मी टाळ हातात घेऊन उभा होतो. खण उघडल्याचा आवाज आला. तिने पुस्तक काढलं, त्याच्याखालचं वहीचं पान काढलं. घडी उलगडली. आरती सुरू झाली होती, सगळे टाळ्या वाजवत होते. ती कोपऱ्यात उभी राहून वाचत होती. मग तिने मान वर केली आणि मखराच्या मागे, भिंतीच्या वरच्या डाव्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथून तिची नजर हळूहळू तिरकी खाली आली, खिळ्यावर थांबली, आणि मग माझ्यावर आली.

आरती संपली. तिने तबकावर हात फिरवला नाही. पाहुण्यांच्या देखत ती माझ्यापाशी आली.

"बाबा, हे एकोणीस तारखेचं आहे."

मी टाळ खाली ठेवले.

"मी सव्वीसला स्टुलावर चढले."

"हो," मी म्हटलं.

तिने ते पान नीट घडी करून ओढणीच्या टोकात बांधलं, दारात जाऊन माझ्या चपला सरळ मांडल्या आणि म्हणाली, "चला. पोलीस स्टेशनला जायचंय."